कोकणच्या दमट हवेत डायनासोर कसे पाळायचे

आमच्याकडे जून ते सप्टेंबर चपलांना बुरशी येते, पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटता पेटत नाही, आणि अशा हवेत मी प्लास्टिकचे डायनासोर सांभाळतो. मी देवगडच्या बाजूचा, गेली दहा-बारा वर्षं ही जनावरं जमवतोय, शंभरेक झाली असतील. हल्ली ओळखीतले दोन-चार जण विचारायला लागलेत की सुरुवात कशी करायची, चांगलं कुठलं नि फालतू कुठलं कसं ओळखायचं, रिव्ह्यू लिहायचा तर नेमकं बघायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मधे मधे भरकटेन, सांभाळून घ्या.

पहिलाच डबा घरी आला तेव्हा आये म्हणाली, "घरात पाली नि सरडे कमी आसत म्हणान विकत हाडलंस?" उत्तर नव्हतं माझ्याकडे, अजूनही नाहीये.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, की सगळं घ्यायचं नाही. हा छंद खड्ड्यात घालतो तो इथेच. दिसेल तो टी-रेक्स उचलत गेलात तर वर्षभरात पंधरा टी-रेक्स होतील आणि त्यातले तीनच धड असतील. एक धागा पकडा. कोणी फक्त शिंगवाले घेतं, ट्रायसेराटॉप्स नि त्याचे भाऊबंद. कोणी एकाच स्केलमधले, म्हणजे खऱ्या प्राण्यापेक्षा सारख्याच पटीने लहान केलेले. कोणी समुद्रातले, म्हणजे मोसासॉर, प्लेसिओसॉर, इक्थिओसॉर, जे खरं तर डायनासोर नाहीतच. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन प्रत्येक पाकिटात डायनासोर म्हणून घुसवलेला असतो, पण तो २८-२९ कोटी वर्षांपूर्वीचा, पहिल्या डायनासोरच्याही कितीतरी आधीचा, आणि नात्याने त्यांच्यापेक्षा आपल्याला, म्हणजे सस्तन प्राण्यांना जवळचा. हे मी भाच्याला सांगितलं तर तो दोन दिवस त्याला 'मामा' म्हणत होता.

माझा धागा देशी आहे, आणि म्हणूनच माझं कलेक्शन लंगडं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला एका लांब मानेच्या डायनासोरची हाडं सापडली, १९९७ साली त्याला टायटॅनोसॉरसच्या कुळात घालून नाव दिलं, मग २००३ मधे तो वेगळाच आहे म्हणून त्याचं नाव आयसिसॉरस झालं. यातलं 'आयसि' म्हणजे आयएसआय, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, कारण काम तिथल्या लोकांचं. दुसरा बारापासॉरस, गोदावरी-प्राणहिताच्या खोऱ्यातला, नाव १९७५ चं, मांडीचं हाडच पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणून 'बडा पाय' या अर्थाने बारापा, आणि पुढचं टागोरी हे रवींद्रनाथांवरून. तिसरा गुजरातचा राजासॉरस, २००३ चा, कपाळावर बुटकं शिंग असलेला मांसाहारी. खेळण्यांच्या दुनियेत यांना कोण विचारत नाही. राजासॉरस शोधलात तर मिळतो, बाकीच्यांसाठी जीव टाकावा लागतो. पण धागा असला की शोधायला मजा येते, आणि खिसाही वाचतो कारण बहुतेक वेळा मिळतच नाही!

कोकणात स्वतःचे डायनासोर नाहीत, उगाच कातळात शोधत फिरू नका. आपल्या जांभ्याखालचा काळा दगड हा ६.६ कोटी वर्षांच्या आसपासच्या लाव्ह्याचा, म्हणजे तिकडे डायनासोरांचा शेवट होत होता तेव्हा इकडे आपली जमीन तयार होत होती. पण जुनी जनावरं म्हणाल तर आपल्याकडे आहेत, कातळशिल्पांत. कशेळीचा हत्ती बघून या एकदा, आणि रत्नागिरी-राजापूरकडच्या शिल्पांत गेंडासुद्धा आहे, जो आज इथे कुठेच नाही. माझ्या एका मित्राने त्यावरूनच सुरुवात केली, तो फक्त हत्ती, गेंडे, मॅमथ, लोकरी गेंडा असलंच घेतो. डायनासोर एकही नाही त्याच्याकडे, आणि कपाट माझ्यापेक्षा देखणं दिसतं, हे लिहिताना त्रास होतोय.

कंपन्यांचं थोडक्यात सांगतो. जर्मनीची श्लाइश जुनी, १९३५ ची, दणकट माल, पोरांच्या हातात टिकतो, पण डायनासोरच्या शरीररचनेच्या बाबतीत जरा मनमानी. अमेरिकेची सफारी लिमिटेड १९८२ ची, दिसायला साधी पण अभ्यास करून केलेली, किमतीच्या मानाने मला हीच सगळ्यात पटते. त्यांचीच कार्नेगी म्युझियमसोबतची मालिका १९८८ पासून २०१५ पर्यंत चालली, आता जुन्या बाजारात मिळाली तर. फ्रान्सची पापो २००५ पासून डायनासोर काढते, कातडीची सुरकुती न् सुरकुती दिसते पण ध्यान सिनेमातल्यासारखं. कलेक्टा कोणी ऐकले नसतील असले प्राणी काढते, त्यासाठी तिला माफ. चीनच्या पीएनएसओ आणि हाओलाँगगुडने गेल्या काही वर्षांत बाकीच्यांना घाम फोडलाय. आणि कोणाच्या घरी माळ्यावर एकरंगी, जड, पोटावर इन्व्हिक्टा लिहिलेला सापडला तर तो फेकू देऊ नका, १९७४ पासून लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमसाठी काढलेली ती मालिका, जुने लोक जीव टाकतात.

आता मिळवायचं कुठून. सरळ सांगायचं तर महाग आहे. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मधे २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मधे ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा, त्यामुळे बाहेरचा माल दुकानातून कमी झाला. बाय द वे, हा आयएसआय आणि आयसिसॉरसमधला आयएसआय वेगळा, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटलेलं की सरकारमान्य डायनासोर आहे. ऑनलाइन घ्यायचं तर आमच्या पिनकोडला निम्म्या वेळा 'डिलिव्हरी उपलब्ध नाही' येतं, मग पत्ता डोंबिवलीच्या चुलतभावाचा द्यायचा आणि गणपतीला तो येताना घेऊन येतो. मे महिन्यात ऑर्डर केलेला प्राणी सप्टेंबरात हातात. चाकरमान्याच्या बॅगेत वर बाकरवडी नि खाली स्पायनोसॉरस. एक टीप, भावाला सांगून ठेवा की खोका फोडू नको पण प्राण्यावर जड काही ठेवू पण नको, माझ्या एका प्लेसिओसॉरची मान कोकणकन्येत कायमची डावीकडे वळली.

दुसरा मार्ग जत्रा. आंगणेवाडी, कुणकेश्वर, कुठलीही घ्या, खेळण्यांच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत बारा डायनासोर टांगलेले असतातच. यांना मी चायनासॉर म्हणतो. नाकं मुरडू नका, माझी सुरुवात तिथलीच. पण घेताना नाकाजवळ धरा, रॉकेलसारखा भपकारा आला तर तोंडात घालणारं पोर घरात असेल तिथे नेऊ नका. आणि एक फसवणूक ओळखायला शिका, नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला. नकली माल मूळ प्राण्यावरूनच साचा घेऊन करतात त्यामुळे तो किंचित लहान भरतो, खवले बोथट होतात, दात एकमेकांना चिकटतात, आणि पोटाखाली किंवा तळपायाला जिथे कंपनीचं नाव नि साल असतं तिथे नुसता खरवडलेला डाग असतो किंवा काहीच नसतं. प्राणी हातात आला की आधी उलटा करायचा, ही सवयच लावून घ्या. मासे घेताना आपण आधी कल्ले उघडतो ना, तसं.

घरी आल्यावर लगेच कपाटात टाकायचा नाही. मी पडवीत बसतो, शिंप्याची टेप, सुती दोरा, किचनमधला वजनकाटा आणि वही घेऊन. दोरा नाकाच्या टोकापासून पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत फिरवायचा आणि मग टेपवर मोजायचा, सरळ पट्टी लावून मोजलं तर वाकलेल्या शेपटीचे चार-पाच सेंटिमीटर खातात. त्यावरून स्केल काढा. टी-रेक्स साधारण १२ मीटरचा, म्हणजे १२०० सेंटिमीटर, खेळणं ३० सेंटिमीटरचं असेल तर १२०० भागिले ३०, स्केल १:४०. व्हेलोसिरॅप्टर जेमतेम २ मीटरचा, बराचसा शेपटीच, त्यामुळे १:४० मधे तो ५ सेंटिमीटर हवा, पण बाजारात मिळतो १५ चा, म्हणजे स्केल १:१३ च्या आसपास. हे दोघं शेजारी उभे केले की रॅप्टर टी-रेक्सच्या मांडीला लागतो आणि सगळं कपाट खोटं वाटायला लागतं. ब्रॅकिओसॉरस १:४० मधे हवा असेल तर ५५ सेंटिमीटर जागा आहे का घरात ते आधी बघा, आमच्याकडे तो टीव्हीमागे राहतो.

मग शरीर. इथे घाई नको, रिव्ह्यूचा खरा जीव इथेच आहे. माझी पद्धत अशी की पुस्तक उघडायच्या आधी परसात जायचं. गावठी कोंबडा चालताना बघा, पाय कसा टाकतो, मधलं बोट सगळ्यात लांब, टाच वर हवेत, आपण ज्याला उलटा गुडघा समजतो ती त्याची टाच. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरचा पाय असाच हवा. माणसासारखी टाच टेकवलेली असेल तर मार्क कापा. मग हात. भजनात टाळ वाजवताना तळवे समोरासमोर असतात ना, तसे हवेत, उंदीर पकडायला निघालेल्या मांजरासारखे तळवे खाली नकोत, त्यांचं मनगट तसं वळतच नव्हतं. दहातल्या सहा खेळण्यांत मला ही चूक दिसते आणि महागड्यांतही दिसते. बोटं मोजा, टी-रेक्सला दोन, अ‍ॅलोसॉरसला तीन, कार्नोटॉरसच्या इवल्याशा हाताला चार. लांब मानेवाल्यांचे पुढचे पाय बघा, हत्तीसारखी पाच नखं रंगवलेली असतात बहुतेकांना, खरं तर एकाच अंगठ्याला नखी हवी. स्टेगोसॉरसच्या पाठीवरचे तक्ते एकाआड एक हवेत, समोरासमोर जोडीने नकोत, शेपटीला काटे चार.

शेपटी जमिनीवर ओढत चाललेली असेल तर साचा जुन्या समजुतीचा आहे, १९६९ मधे जॉन ऑस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने डायनोनिकस नावाच्या चपळ शिकारी डायनासोरचं वर्णन केलं तिथून हळूहळू सगळ्यांच्या शेपट्या वर उचलल्या गेल्या. पण म्हणून जुन्याला शून्य देऊ नका! त्या वर्षी जे माहीत होतं त्यावर मार्क द्यायचे. तळपायावरचं साल यासाठीच लागतं. १९९० चा रॅप्टर बिनपिसांचा असेल तर ठीक, पिसांचा पहिला डायनासोर, सायनोसॉरोप्टेरिक्स, चीनमधून १९९६ ला आला. २०१५ चा रॅप्टर तुळतुळीत असेल तर मात्र कान पकडा, कारण व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ मधेच दाखवल्या होत्या. स्पायनोसॉरसचं तसंच, वल्ह्यासारखी रुंद शेपटी २०२० मधे कळली, त्याआधीच्या खेळण्याला ती नसणारच. समुद्रातल्या प्राण्यांसाठी रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे तो बघून या, पोहण्याच्या वल्ह्यात आत बोटांची हाडं कशी असतात ते दिसतं, मग मोसासॉरच्या पंखाला नुसतं रबरी चप्पल चिकटवलंय की आत हात आहे ते लगेच कळतं. आणि मोसासॉर घोरपडीच्या नात्यातला, त्यामुळे चेहरा बघताना घोरपड आठवा, मगर नको.

रंगाचं फार डोकं खाऊ नका. बहुतेकांचा खरा रंग माहीत नाहीच, तेव्हा निळा का, जांभळा का, हा वाद फुकटचा. बघायचं ते काम. दोन्ही डोळे एकाच दिशेला बघतायत का, दातांचा पांढरा रंग ओठावर सांडलाय का, पोटाखालचा जोड दिसतोय का. माझा एक नावाजलेल्या कंपनीचा ट्रायसेराटॉप्स एका डोळ्याने माझ्याकडे आणि दुसऱ्याने स्वयंपाकघराकडे बघतो. एवढे पैसे मोजून. बदलून द्या म्हटलं तर म्हणाले, हा दोष नाही, हाताने रंगवलेलं आहे. पण आता मला तोच आवडतो, हे रिव्ह्यूत लिहायचं नसतं.

आता आपल्या हवेचं. यासाठीच खरं तर लिहायला बसलोय, कारण बाहेरच्या कुठल्याही रिव्ह्यूत हे नसतं. मऊ पीव्हीसीमधे त्याला मऊ ठेवणारं एक तेलकट द्रव्य असतं, ते उष्म्याने हळूहळू बाहेर येतं, म्हणून तीन-चार वर्षांचा प्राणी एप्रिलमधे हाताला चिकट लागतो आणि त्यावर धूळ बसून काळा थर होतो. हवाबंद डब्यात ठेवलात तर आणखी चिकटतो, कारण ते द्रव्य जाणार कुठे. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, हलक्या हाताने घासा, सावलीत वाळवा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, रंगच निघतो. खोबरेल तेल लावून चकाकी आणायचा सल्ला आमच्या शेजारच्या काकांनी दिलेला, तोही नाही, एका दिवसात मुंग्या लागल्या.

सगळ्यात मोठा घात माझ्याकडे झाला तो डांबरगोळ्यांचा. आयेने काळजीपोटीच, झुरळं होतील म्हणून कपाटात आठ-दहा गोळ्या टाकल्या आणि मी पंधरा दिवस मुंबईला होतो. येऊन बघतो तर एका पारदर्शक कडक प्लास्टिकच्या स्टँडवर गोळी टेकलेली, तिथे स्टँड वितळून खड्डा, आणि त्यावरच्या टेरोसॉरचा, म्हणजे उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा, पाय त्या खड्ड्यात रुतलेला. डांबरगोळी आणि प्लास्टिक एकत्र नको, लक्षात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, औषधांच्या नि बुटांच्या डब्यातून निघतात त्या साठवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उठते, माझ्या एका ब्रॅकिओसॉरसच्या पोटावर अजून अर्धी उलटी हेडलाइन वाचता येते. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे सगळ्यात बेस्ट. मूळ खोके जपायचा हट्ट इथे सोडा, पुठ्ठा म्हणजे वाळवीला आमंत्रण, फोटो काढून ठेवा नि सोडून द्या. काचेचं कपाट असेल तर पावसाळ्यात पंधरवड्याने एकदा उघडून पंख्याखाली हवा द्या, आणि उन्हाच्या खिडकीसमोर ठेवू नका.

दोन पायांवर उभे राहणारे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हमखास वाकतात. घोट्यातून हळूच झुकतात आणि एक दिवस रात्री दोन वाजता धाडकन पडतात, पाठोपाठ डॉमिनोसारखी रांग. उपाय सोपा आहे, पाणी चांगलं कडकडीत करा पण उकळी येऊ देऊ नका, फक्त पाय दोन-एक मिनिटं बुडवा, चिमट्याने किंवा फडक्याने धरून सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गरम असताना घाईने सोडलात तर परत येरे माझ्या मागल्या.

म्हणून माझा नियम, एक पावसाळा काढल्याशिवाय शेवटचे मार्क द्यायचे नाहीत. नवीन आल्यावर काय दिसलं ते लिहून ठेवा, मग नवरात्रात परत काढा, उभा राहतो का, चिकटला का, रंग सुटला का, आणि ते खाली जोडा. कोरा करकरीत प्राणी बघून सगळेच खूश असतात.

फोटोसाठी आपल्याइतकं नशीबवान कोणी नाही. ऑगस्टमधे गडग्यावर शेवाळ नि नेचे उगवतात, नेचे डायनासोरांच्या काळातही होतेच, कॅमेरा जमिनीला टेकवून प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर धरा, दोन वीत जागेत जंगल तयार. सड्यावरच्या रानफुलांत मात्र स्टेगोसॉरस उभा करू नका, तो १५ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याने फूल बघितलेलं नाही. गवतही नाही. पण आयसिसॉरससारख्याला गवतात खुशाल उभा करा, कारण चंद्रपूरच्याच पिसदुऱ्याला सापडलेल्या डायनासोरच्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म कण मिळाले, २००५ मधे ते जाहीर झालं. समुद्रावर गेलात तर ओहोटीला जा नि घड्याळ बघत राहा, मी इक्थिओसॉर पुळणीवर ठेवून मागे सरकत सरकत फ्रेम लावत होतो आणि भरतीची एक लाट आली नि तो आपल्या घरी गेला. परत आल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवा, हलणाऱ्या सांध्यांत स्क्रू असतील तर खारी हवा गंज धरतेच.

लिहिताना भाषा साधी ठेवा, 'अप्रतिम', 'जबरदस्त' हे शब्द मी स्वतःला बंद केलेत. काय मोजलं, काय चुकलं, किती पैसे गेले, कोणासाठी घ्यावा. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो.

"कार्नोटॉरस. जत्रेतला, १५० रुपये. दोऱ्याने २० सेंमी, खरा ८ मीटरच्या आसपास, म्हणजे स्केल १:४०, चुकून का होईना बरोबर बसलंय. वजन ११० ग्रॅम. पोटावर नाव-साल काही नाही. डोळ्यांवरची दोन्ही शिंगं आहेत, छान. हात बारीक, बोटं तीन, चार हवी होती. कातडीवर खवले, पिसं नाहीत, बरोबर, याच्या कातडीचे ठसे सापडलेत त्यात पिसं नाहीत. टाच टेकलेली, चूक. डावा डोळा नीट, उजव्यात रंग ओघळलाय. राजासॉरसच्या कुळातला म्हणून त्याच्या शेजारी ठेवला. वास दोन दिवसांत गेला. तूर्त दहापैकी सहा. मे महिना."

आणि खाली निळ्या पेनाने, "ऑक्टोबर. चिकटला नाही. उजवीकडे झुकलाय, पण पडला कसा नाही म्हणून उचलून बघितला तर उजव्या पायाखाली सुपारीचं खांड लावलेलं. मी लावलेलं नाही. साडेसहा."